तारीख कशी लिहावी? ७/८/६४ म्हणजे नेमका कोणता दिवस?

कागदवेडी
वडील जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची पत्र्याची पेटी उघडायला आत्ता कुठे मन तयार झालं. बाबा मालवाहू जहाजावर होते, त्यामुळे पेटीत पत्रं, फोटो, पावत्या, तपासणीचे दाखले असं देशोदेशीचं सगळं आहे. एकेक कागद स्कॅन करून तारखेप्रमाणे लावायचा असं ठरवून बसले आणि पहिल्याच दिवशी अडले.

एका फोटोच्या मागे निळ्या शाईत ७/८/६४ लिहिलंय. बाबा डेकवर उभे आहेत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे उन्हाने बारीक केलेले. ही ७ ऑगस्ट की ८ जुलै? एका पत्रावर ५/६/६४ आहे. एका पावतीवर ६४.९.३ असं उलटं. एका दाखल्यावर महिना चक्क रोमन आकड्यात.

दिवस-महिना-वर्ष हीच सरळ पद्धत, अशी माझी आजवर पक्की समजूत होती. या पेटीने ती हलवली. तुम्ही तारीख कशी लिहिता? आणि कोणती पद्धत खरोखर बिनचूक वाटते?

सरळरेघ
दिवस, महिना, वर्ष. बोलतो तसं लिहावं. "पाच मार्च" म्हणतो ना आपण? मग ५/३. लहानापासून मोठ्याकडे जाणारा सरळ क्रम आहे, त्यात बदलण्यासारखं काही नाही.

टंकक
बोलण्यापुरतं ठीक आहे, पण कागदवेडी ताईंना फायली लावायच्या आहेत. तिथे ही पद्धत पार कोलमडते. संगणक नाव डावीकडून एकेक अक्षर वाचत लावतो. समजा तीन फायली आहेत: ०३-०४-१९६५, ०३-११-१९६१, ०४-०१-१९५९. तो त्या याच क्रमाने ठेवणार. म्हणजे १९५९ची सगळ्यात शेवटी! आता त्याच १९५९-०१-०४, १९६१-११-०३, १९६५-०४-०३ अशा लिहा. काहीही न करता आपोआप काळाच्या क्रमाने लागतील.

आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं. आयएसओ ८६०१, पहिली आवृत्ती १९८८ची. चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस, मध्ये आडवी रेघ. महिना ३ नाही, ०३. ते शून्य विसरलात की बऱ्याच ठिकाणी १० हा २च्या आधी येऊन बसतो. आणि फाईलच्या नावात तिरकी रेघ चालतच नाही, तेव्हा ७/८/६४ तसंही बाद.

अवनी_०९
+१ टंकक. मी घरची सगळी कागदपत्रं अशीच ठेवते. सवय व्हायला एक आठवडा लागला.

सरळरेघ
टंकक, संगणकाच्या सोयीसाठी माणसाने लिहिणं बदलायचं का? मला आजची तारीख हवी असते तेव्हा वर्ष सगळ्यात कमी कामाचं असतं. ते मला ठाऊकच असतं. तेच आधी का वाचू?

टंकक
रोजच्या बोलण्यात वर्ष गाळाच की. "०३-०५" एवढंच उरतं. माझं म्हणणं साठवायच्या कागदाबद्दल आहे. साठ वर्षांनी उघडलेल्या पेटीत वर्ष हीच पहिली हवी असलेली गोष्ट असते.

दोन_किनारे
मी महिना-आधीवाल्यांच्या, म्हणजे अमेरिकनांच्या बाजूने बोलतो. वीस वर्षं त्यांच्यात काम केलंय आणि ही पद्धत लोक समजतात तितकी बिनडोक नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख कशी शोधता? आधी महिन्याचं पान उलटता, मग त्यावरचा चौकोन. महिना-दिवस हा शोधण्याचा क्रम आहे. शिवाय ते बोलतातही तसंच, "मार्च पाच". म्हणजे "बोलतो तसं लिहावं" हा सरळरेघांचा नियम तेही पाळतातच!

गंमत अशी की त्यांच्यातही एकवाक्यता नाही. स्वातंत्र्यदिनाला ते "जुलैची चौथी" म्हणतात, दिवस आधी. त्यांचं लष्कर दिवस आधी लिहितं आणि महिना अक्षरांत. शेजारच्या कॅनडात तर तिन्ही क्रम एकाच वेळी वापरात आहेत.

घोळ होतो तो दोन किनारे भेटतात तेव्हा. ९/११ म्हटलं की जगाला ११ सप्टेंबर २००१ आठवतो. पण दिवस-आधी वाचणाऱ्याला ९/११ म्हणजे ९ नोव्हेंबर, आणि १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली तो दिवस तोच.

शाईदौत
एवढा काथ्याकूट कशाला? महिना अक्षरांत लिहा. ७ ऑगस्ट १९६४. क्रम कसाही ठेवा, अर्थ बदलत नाही. बऱ्याच देशांच्या पासपोर्टवर जन्मतारीख महिन्याच्या अक्षरांसह छापतात. (त्याच पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यात तीच तारीख सहा आकड्यांत वर्ष-महिना-दिवस अशी असते. माणसासाठी एक, यंत्रासाठी एक. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.)

आणि ताई, तो रोमन आकडे असलेला दाखला पूर्व युरोपातल्या एखाद्या बंदराचा असू शकतो. पोलंड, हंगेरी, रशिया या भागात महिना रोमन आकड्यात लिहायची जुनी रीत आहे. दिवस आपल्या नेहमीच्या आकड्यात, महिना रोमनमध्ये, त्यामुळे गल्लत होत नाही. हंगेरीत तर वर्ष आधी.

गणिती
प्रश्न किती मोठा आहे ते मोजून पाहू. दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल तरच संशय येतो. बारा महिन्यांत असे बारा-बारा दिवस, म्हणजे १४४. त्यातून १/१, २/२ ते १२/१२ हे बारा वगळा, ते कसेही वाचले तरी तेच. उरले १३२. वर्षातले १३२ दिवस नुसत्या आकड्यांत लिहिले तर दोन अर्थांचे होतात. एक तृतीयांशाहून जास्त वर्ष!

चिमणराव_नव्हे
म्हणजे ११/११ला जन्मलेले भाग्यवान म्हणायचे. कुठल्याही देशाचा फॉर्म भरा, निर्धास्त.

औषधवाली
मला हा विषय फार जवळचा आहे. औषधांच्या दुकानात उभी राहून बावीस वर्षं झाली. पट्टीवर १०/२६ असं असतं तेव्हा लोक विचारतात, "ताई, हे दहा तारखेला संपतं का?" नाही. तो महिना आणि वर्ष, आणि औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. खोक्यावरच्या सांकेतिक चौकोनातही मुदत सहा आकड्यांत असते, वर्ष-महिना-दिवस. दिवस दिलेला नसेल तिथे ०० घालायची पद्धत चालत आलीय, आणि त्याचाही अर्थ महिन्याचा शेवट असाच.

खरा धोका १०-१२-११ असल्या तारखेत आहे. तीन जोड्या, तिन्ही दिवस असू शकतात, तिन्ही वर्ष असू शकतात. माझ्या सासूबाईंना एका दवाखान्यातून पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली होती, ५/६. आम्ही ५ जूनला गेलो. ती ६ मेची होती, चिठ्ठी लिहिणारी बाहेर शिकून आलेली होती. महिनाभर उशीर झाला आणि त्या महिन्यात डोळ्यावरचा दाब वाढून बसला. तेव्हापासून दुकानात मी स्वतः पेनाने महिना अक्षरांत लिहून देते. शाईदौतांना माझं संपूर्ण अनुमोदन.

आकडेमोड
औषधवाली ताई, वाचून काळजात चर्र झालं.

माझा अनुभव स्प्रेडशीटचा. चारशे नोंदींचा तक्ता आला, तारखा दिवस-आधी. माझा संगणक महिना-आधीवर लावलेला. उघडल्यावर बघतो तर रकान्यातल्या काही तारखा उजव्या कडेला चिकटलेल्या, काही डाव्या. कारण असं: १७/०४ आली की यंत्र म्हणतं सतरावा महिना नसतो, ही तारीखच नाही, साधा मजकूर म्हणून डावीकडे ठेवू. पण ०५/०४ आली की ती ४ मे समजून गुपचूप उजवीकडे. म्हणजे ज्या तारखा न समजलेल्या म्हणून उघड दिसतात त्या बिचाऱ्या बरोबर असतात, आणि ज्या नीट बसल्यासारख्या दिसतात त्याच चुकलेल्या. हे लक्षात यायच्या आत मी तक्ता पुढे पाठवून मोकळा झालो होतो. सगळ्यांना फोन करून परत मागवला. आता कुठलाही तारखांचा रकाना आला की आधी डावी-उजवी कड बघतो.

यात शास्त्रज्ञही सापडलेत. काही जनुकांची छोटी नावं इंग्रजीत 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेल त्यांची १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकायचं. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये जनुकांचीच नावं बदलली, 'मार्चएफ१' आणि 'सेप्टिन२' अशी.

रात्रपाळी
आकडेमोड, त्यात अजून एक भर. एक्सेलच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. खऱ्या काळात तो नव्हता, कारण शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेनेही भागलं जावं लागतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली चूक जुळवून घेण्यासाठी ती तशीच ठेवली गेली आणि अजून आहे.

माझ्या कामातला चावरा साप वेगळाच. आयएसओत आठवड्यांचंही वर्ष असतं. ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. म्हणून सोमवार ३० डिसेंबर २०२४ हा दिवस आठवड्यांच्या हिशेबात २०२५मध्ये जातो. काही संगणकभाषांत छोटा वाय लिहिला तर नेहमीचं वर्ष मिळतं, मोठा वाय लिहिला तर आठवड्याचं. वर्षभर दोन्ही सारखेच दिसतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पडद्यावर २०२५-१२-३० उगवतं आणि रात्री अडीचला माझा फोन वाजतो.

अवनी_०९
म्हणजे आयएसओही निर्दोष नाही तर?

रात्रपाळी
तारीख निर्दोष आहे. आठवडा मध्ये आणला की गाठ बसते. आणि दोन आकडी वर्ष मात्र कुणीही, कुठेही लिहू नये. २००० साली त्याने जगाची झोप उडवली होती. पुढची मोठी पाळी १९ जानेवारी २०३८ला आहे. जुनी बत्तीस बिटांची यंत्रं १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजतात, ती मोजदाद त्या दिवशी भरून जाते.

बखरवाचक
धागा छान चाललाय. थोडं मागचंही सांगतो, कारण जुने कागद लावणाऱ्याला ते लागतं.

आकडे कुठल्या क्रमाने लिहिले हा एक प्रश्न. पण ती तारीख कुठल्या कॅलेंडराची हा त्याहून आधीचा. पोप ग्रेगरी तेराव्याची सुधारणा १५८२ला लागू झाली तेव्हा इटली, स्पेन, पोर्तुगालात ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर होता. ब्रिटनने हे १७५२ला स्वीकारलं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४. रशियाने १९१८ला, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. म्हणून 'ऑक्टोबर क्रांती' आज ७ नोव्हेंबरला येते, त्यांच्या त्या वेळच्या कॅलेंडरात २५ ऑक्टोबर होता.

इंग्लंडात तर वर्षच २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांवर सावध लोक १७३१/३२ असं जोडवर्ष लिहीत. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या नोंदीनुसार ११ फेब्रुवारी १७३१, आणि आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२. दिवसही वेगळा, वर्षही वेगळं, माणूस एकच.

आणि सरळरेघ, वर्ष आधी लिहिणं संगणकाने शिकवलेलं नाही. आपल्या जुन्या कोरीव लेखांत आधी शक, मग संवत्सर, मग महिना, पक्ष, तिथी, वार. मोठ्याकडून लहानाकडे. चीन, जपान, कोरियातही तसंच. हजार वर्षांनी वाचणाऱ्यासाठी लिहायचं तर क्रम तोच सुचतो बहुतेक.

सरळरेघ
हे कोरीव लेखांचं मला सुचलंच नव्हतं. मानलं, टिकवायचं असेल तर वर्ष आधी. पण भाजीवाल्याला कोणी शक सांगत नाही, एवढं मी धरून ठेवतो.

दोन_किनारे
बखरवाचक, जपानवरून आठवलं. तिथे सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणेही वर्षं मोजतात. रेइवा ही कारकीर्द १ मे २०१९ला सुरू झाली. एका अर्जावर नुसतं ६ वर्ष दिसलं, ते रेइवा ६, म्हणजे २०२४. ६४.९.३ असली पावती तिकडची असेल तर ताईंनी आधी कालगणना बघावी.

बखरवाचक
६४ला तो संशय फारसा नाही. १९६४ साली तिथे शोवा ३९ चालू होतं. पावती त्या काळातली असेल तर ६४ हे इसवी सनाचंच. वर्ष आधी, म्हणजे ३ सप्टेंबर.

लेखणीबहाद्दर
देवनागरी आकड्यांचं कोणी बोललं नाही. फाईलच्या नावात देवनागरी आकडे छान लागतात, त्यांचा आपसातला क्रम बरोबर आहे. मात्र अर्ध्या फायली देवनागरीत आणि अर्ध्या इंग्रजी आकड्यांत ठेवल्या तर दोन वेगळे गठ्ठे पडतात. काय ते एकच धरा. आणि हाताने लिहिताना १ आणि ९ची शेपटी जपा, माझ्या आजोबांच्या वहीत ती दोन्ही अगदी जुळी भावंडं आहेत.

टंकक
मूळ प्रश्नाकडे येतो. चार आकडी वर्ष आधी, हे मी क्रम लावण्यापुरतं म्हणत नाही. ०३-०४-२०२१ पाहून दोन शंका येतात. २०२१-०४-०३ पाहून येत नाही, कारण वर्ष-दिवस-महिना असं लिहिणारा मला तरी आजवर भेटलेला नाही. चार आकडे पुढे दिसले की वाचणारा पुढचं बरोबर ओळखतो, तो कुठल्याही देशाचा असो.

आणि ताई, पूर्ण तारीख माहीत नसेल तर अंदाजाने भरू नका. १९६४-०७ किंवा नुसतं १९६४ एवढंच लिहा. मानकाच्या २०१९च्या दुसऱ्या भागात संशयासाठी प्रश्नचिन्ह आणि 'साधारण'साठी लाटेसारखी खूण दिलीय. विंडोजवर फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, तिथे 'संशय' हा शब्दच लिहा.

गणिती
ताई, कुठल्या कागदावर वार लिहिलाय का? वार असेल तर सुटेल. कुठल्याही वर्षी ४/४, ६/६, ८/८, १०/१० आणि १२/१२ एकाच वारी येतात. १९६४ला तो वार शनिवार. त्यावरून ७ ऑगस्ट शुक्रवार, ८ जुलै बुधवार.

एक खबरदारी. ९ मे आणि ५ सप्टेंबर नेहमी एकाच वारी येतात, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबरही. तिथे वार असूनही काही कळणार नाही.

कागदवेडी
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! फोटोवर वार नाही. पण ५/६/६४च्या पत्रावर बाबांनी "शुक्रवार" लिहिलंय.

गणिती
६ जून शनिवार, म्हणून ५ जून शुक्रवार. ६ मे येतो बुधवारी. पत्र ५ जूनचं. बाबा दिवस आधी लिहायचे.

सरळरेघ
मग फोटोही ७ ऑगस्टचा. झालं की.

शाईदौत
घाई नको. फोटोवरचं अक्षर त्यांचंच आहे का? आणि फोटोला पांढरा काठ आहे का? त्या काळी परदेशातल्या काही प्रयोगशाळा फोटो छापला तो महिना आणि वर्ष काठावर बारीक छापत. बघा बरं.

कागदवेडी
भिंग घेऊन बसले. काठ आहे. डाव्या बाजूला, उभी, इतकी बारीक की मी आजवर ती नक्षी समजत होते: जुलैची तीन इंग्रजी अक्षरं आणि ६४.

आणि अक्षर पत्राशी ताडून पाहिलं. बाबांचा सातचा आकडा साधा असायचा. फोटोमागच्या सातला मध्ये आडवी रेघ आहे. ते बाबांचं अक्षर नाही.

शाईदौत
मग उत्तर मिळालं. जुलैत छापलेला फोटो ऑगस्टमध्ये काढलेला असूच शकत नाही. महिना आधी लिहिणाऱ्या कुणीतरी फोटो काढून, मागे तारीख घालून तुमच्या बाबांना दिला. ८ जुलै.

सरळरेघ
शब्द मागे घेतो. ८ जुलै.

टंकक
१९६४-०७-०८.

कागदवेडी
फाईलला तेच नाव दिलं. मागच्या बाजूचंही स्कॅन त्याच नावाने, शेवटी 'मागे' असं जोडून ठेवलं. फोटोवर काही लिहिलं नाही.

जहाजाच्या नोंदवहीत बाबांच्या सह्या आहेत, आता त्यातली जुलैची पानं बघते. त्या दिवशी जहाज कुठल्या बंदरात होतं ते कळलं तर सातला रेघ मारणारा तो मित्र कोण, तेही कदाचित सापडेल. अजून एक फोटो आहे, ३/२/६५. त्याचा काठ मात्र कुणीतरी कातरून टाकलाय.

गणिती
वार?

कागदवेडी
वार नाही. पण सातही नाही. अक्षर बघायला उद्या उजेडात बसते.